मोफत बालवाडीचं बिल

प्रश्न : माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहतात. नात येत्या सप्टेंबरात पावणेतीन वर्षांची होईल. तिथे केजी सरकारी खर्चाने मोफत आहे असं आम्ही ऐकलं होतं. पण लेकीने दोन शाळांत चौकशी केली, तर एकीने डोळे पांढरे होतील अशी फी सांगितली आणि दुसरीने ‘दिवसभर ठेवायचं असेल तर पैसे पडतील’ म्हटलं. जावयाचे ऑफिसातले एक जुने सहकारी म्हणतात, ‘आधी व्हाउचर काढा.’ कोणाचं खरं मानायचं?
– नातीची आजी

उत्तर : आजी, दोन्ही शाळा खरं बोलतायत. सहकारीही खरं बोलतायत, फक्त त्यांची माहिती 2017 च्या आधीची आहे.

मी हाँगकाँगच्या एका बालवाडीच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. व्हाउचरचे दिवस पाहिले आणि नंतरची योजनाही पाहिली, म्हणून जरा मुळापासून सांगते. तिथलं सरकार स्वतः बालवाड्या चालवत नाही. सगळ्या बालवाड्या खासगी, त्यातल्या पुष्कळशा चर्चच्या किंवा धर्मादाय संस्थांच्या. त्यामुळे सरकारपुढे प्रश्न एवढाच असतो, की पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि कशाच्या मोजमापाने.

2007 मध्ये व्हाउचर आलं. दर मुलामागे वर्षाला 13,000 हाँगकाँग डॉलर. त्यातले 10,000 फीतून वजा व्हायचे आणि 3,000 शिक्षिकांच्या पुढच्या शिक्षणासाठी राखलेले असायचे. पालकाने प्रमाणपत्र काढायचं, शाळेत द्यायचं, शाळेने ते सरकारकडून वटवायचं. आईबापाचं उत्पन्न कोणी विचारत नसे. शाळा मात्र ना-नफा तत्त्वावरची हवी आणि फी ठरावीक मर्यादेच्या आत हवी. रक्कम पुढे वाढत गेली, पण एक मेख शेवटपर्यंत राहिली : मूल तीन तास शाळेत असो की दिवसभर, व्हाउचर तेवढंच. नोकरी करणाऱ्या आया आमच्या खिडकीशी येऊन यावरच भांडायच्या, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नसायचं.

2017-18 च्या शैक्षणिक वर्षापासून व्हाउचर बंद झालं. आता पैसे थेट शाळेला मिळतात. हिशेब अजूनही मुलांच्या डोक्यांवरच आहे, पण अर्ध्या दिवसाच्या शाळेचा दर धरून. पहिल्या वर्षी तो मुलामागे साधारण 33,000 डॉलर होता. पूर्ण दिवसाच्या मुलामागे त्याच्या 1.3 पट आणि त्याहून जास्त तास चालणाऱ्या बालवाड्यांना 1.6 पट. भाड्यासाठी वेगळं अनुदान आलं. ज्या शहरात जागेचं भाडं सगळा ताळेबंद खाऊन टाकतं, तिथे ही बाब किरकोळ नाही. शिक्षिका आणि मुलं यांचं प्रमाणही 1:15 वरून 1:11 वर आणलं.

आता त्या दोन शाळांकडे येऊ. ‘मोफत’ हा शब्द अर्ध्या दिवसाच्या शिकवण्यापुरता आहे. योजनेतल्या बहुतेक बालवाड्यांत अर्ध्या दिवसाला फी पडत नाही. पूर्ण दिवसाचा जो खर्च त्या 1.3 पटीत भागत नाही, तेवढी फी शाळा सरकारची मंजुरी घेऊन लावू शकते. दुसऱ्या शाळेने तुमच्या लेकीला सांगितलं ते हेच. गणवेश, वह्या-पुस्तकं, खाऊ हे वेगळं, पण या वस्तू शाळेतूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही.

पहिली शाळा बहुधा इंटरनॅशनल किंवा नफ्यावर चालणारी असावी. योजनेत येण्यासाठी बालवाडी ना-नफा हवी आणि तिने स्थानिक अभ्यासक्रम शिकवायला हवा. आपली माणसं इंग्रजी माध्यम हवं म्हणून थेट इंटरनॅशनल शाळेत जातात आणि मग विचारतात, सरकार काही देत का नाही? देतं, पण त्या दारातून नाही.

तेव्हा लेकीला सांगा, शाळेच्या भिंतीवर मंजूर फीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते तिने स्वतः वाचावं. लावणं बंधनकारक आहे. एज्युकेशन ब्युरो सगळ्या बालवाड्यांची माहितीही प्रसिद्ध करतो : शाळा योजनेत आहे की नाही, फी किती, शिक्षिका किती. प्रवेशाच्या आदल्या वर्षीच ब्युरोकडून नातीच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यात काही आठवडे जातात, म्हणून आजच अर्ज टाकायला सांगा. त्या अर्जात मुलाचे राहण्याच्या परवान्याचे कागद बघतात. परवाना अनुदानाच्या अटीत बसत नसेल, तर शाळेत घालता येतं पण पैसे पूर्ण भरावे लागतात. हे शाळेला विचारू नका, ब्युरोलाच विचारा. पगार बेताचा असेल तर वेगळी फीमाफी आहे, तिचे तीन टप्पे आहेत : पूर्ण, पाऊण आणि अर्धी. तिथे मात्र उत्पन्न तपासतात.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी चिनी भाषा बोलत नाहीत अशी मुलं घेणाऱ्या योजनेतल्या बालवाड्यांना वरचं अनुदान मिळतं. सुरुवातीला निदान आठ अशी मुलं असली तरच मिळायचं, 2019 पासून संख्येप्रमाणे पाच टप्पे केले. म्हणजे मराठी बोलणारी तुमची नात शाळेसाठी थोडे जास्त पैसे घेऊन येते. त्या पैशातून तिला कँटोनीज शिकवायला कोण माणूस ठेवलाय, हे लेकीने बेधडक विचारावं. प्रवेश घेण्याआधी विचारलं तर उत्तरही नीट मिळतं.

प्रश्न : मी बालवाडी शिक्षिका आहे. पैसा पालकांच्या हातात दिला तर शाळा आपोआप सुधारतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. तुमचा अनुभव काय?
– एक बाई

उत्तर : व्याख्यान देणाऱ्याने कधी बालवाडीचं पगारपत्रक केलं नसावं.

हाँगकाँगमध्ये व्हाउचर आलं तेव्हा शिक्षिकांसाठी सरकारने सुचवलेली वेतनश्रेणी काढून घेण्यात आली. पगार शाळेने ठरवायचा. पालकाला हवी कमी फी, घरमालकाला हवं जास्त भाडं, आणि या दोघांच्या मध्ये सर्वांत सहज कापता येणारी रक्कम म्हणजे बाईंचा पगार. पदवी घेतलेल्या शिक्षिका आहे त्याच पगारावर राहिल्या आणि कित्येक दुसऱ्या नोकऱ्यांत गेल्या. पालकांच्या हातात निवड होती हे खरं, पण पालक शाळेत काय बघतात? रंगवलेल्या भिंती आणि घरापासूनचं अंतर. बाईंचा पगार कोणी विचारत नाही. 2017 च्या योजनेत पगाराच्या मर्यादा पुन्हा सुचवल्या गेल्या आणि मूळ अनुदानाचा 60 टक्के भाग शिक्षिकांच्या पगारासाठीच बांधून टाकला. माझ्या मते सबंध बदलातली ही सर्वांत कामाची ओळ आहे, आणि वर्तमानपत्रांत तिला सर्वांत कमी जागा मिळाली.

इंग्लंडने हाच प्रयोग त्याआधी केला होता. 1996 मध्ये काही भागांत चार वर्षांच्या मुलांसाठी 1,100 पौंडांचं व्हाउचर आलं. प्राथमिक शाळांनी ती मुलं आपल्याच पहिल्या वर्गात ओढून घेतली आणि छोटे खेळगट बंद पडू लागले. 1997 मध्ये सरकार बदललं आणि योजना गुंडाळली.

आता उलट बाजूही ऐका, कारण पैसा थेट शाळेला दिला की सगळं आलबेल, असंही नाही. दक्षिण कोरियात 2012-13 पासून तीन ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी सरकारी पैसा खासगी बालवाड्यांकडे जाऊ लागला. 2018 मध्ये एका खासदाराने लेखापरीक्षणाचे निकाल उघड केले, तेव्हा बालवाडीच्या खात्यातून महागड्या पर्सेस घेतल्याचं निघालं. देशभर संताप उसळला. 2020 च्या जानेवारीत कायदे बदलले आणि खासगी बालवाड्यांनाही सरकारी हिशेबप्रणाली सक्तीची झाली. मालकांच्या संघटनेने खूप आरडाओरडा केला. मला त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही. ज्याच्या कॅशबुकात शाळा आणि घर एकाच पानावर आहेत, त्याला सरकारी नमुना नेहमीच जाचक वाटतो.

प्रश्न : मुलं कमी जन्माला येतात, तर सरकारचा खर्च वाचायला हवा आणि उरलेल्या बालवाड्या सुखात राहायला हव्यात. पण पूर्वेकडच्या देशांत बालवाड्या बंद पडल्याच्या बातम्या येतात. अनुदान असूनही असं का?
– कोड्यात पडलेला वाचक

उत्तर : कारण अनुदान डोक्यामागे येतं आणि खर्च वर्गामागे होतो. वर्गात 22 मुलं असोत की 14, भाडं तेवढंच, वीज तेवढीच. 1:11 च्या प्रमाणाने 14 मुलांनाही शिक्षिका दोन लागतातच. आठ मुलं कमी झाली की आठ मुलांचं अनुदान गेलं, खर्चातून मात्र खाऊ आणि रंगखडूच कमी झाले.

हाँगकाँगमध्ये 2016 साली सुमारे 61,000 बाळं जन्मली, 2022 मध्ये सुमारे 32,500. तिथे पहिल्या वर्गाला किमान 2 वर्षं 8 महिने वय लागतं, म्हणजे जन्मदर घसरला की तीनएक वर्षांत तो बालवाडीच्या हजेरीपटावर दिसतो. शाळेला तयारीला वेळच मिळत नाही. मोठ्या संस्था दोन शाखा एकत्र करून तगतात, एकट्या बालवाडीला तो मार्ग नसतो. यावर वर्गामागे किमान अनुदान देणं हा एक उपाय आहे. सरकारं त्याला कचरतात, कारण मग रिकाम्या वर्गालाही पैसे द्यावे लागतात. तुमच्या ओळखीत कोणी अशा एकट्या बालवाडीत मूल घालणार असेल, तर सर्वांत खालच्या वर्गात यंदा किती मुलं आहेत आणि मागच्या वर्षी किती होती, एवढं विचारायला सांगा.