उपग्रहांच्या कक्षांवरून गुरुत्वाकर्षणाच्या मूलभूत सममिती तपासता येतात का? हिंगोलीचा लायगो प्रकल्पही हेच करणार का?

होय, उपग्रहांवरून त्या तपासता येतात, आणि आजवरच्या सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी काही तशाच झाल्या आहेत; औंढा नागनाथजवळचा लायगो-इंडिया प्रकल्प मात्र गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले अतिसूक्ष्म तरंग, टिपण्यासाठी आहे. येथे सममिती म्हणजे पदार्थ किंवा ठिकाण बदलले तरी गुरुत्वाचा नियम न बदलणे. आपल्याकडच्या साठ-सत्तर फूट खोल विहिरीत सोडलेला दगड सुमारे 2 सेकंदांत तळ गाठतो, आणि तेवढ्या वेळात दोन पदार्थांच्या पडण्यातला अतिसूक्ष्म फरक हाती लागणे अवघड असते. उपग्रह मात्र पृथ्वीभोवती महिनोन्महिने पडतच असतो. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेच्या, 2016 मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहात एक प्लॅटिनमच्या आणि दुसरा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, असे एकात एक बसवलेले दोन पोकळ दंडगोल विद्युत बलाने जागच्या जागी धरले होते. त्यांना सावरण्यासाठी लागणाऱ्या बलांतून दोघांचे त्वरण वेगळे निघाले असते, तर नियम मोडला असता. 2022 च्या अंतिम निष्कर्षात, एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांतील दोन-तीन भागांच्या अचूकतेपर्यंत, फरक आढळला नाही. ठिकाणाची सममिती घड्याळांनी तपासतात, कारण उंचीनुसार गुरुत्व बदलले की घड्याळाची गतीही ठरावीक प्रमाणात बदलायला हवी: 2014 मध्ये चुकून लंबवर्तुळाकार कक्षेत गेलेल्या, गॅलिलिओ या युरोपीय दिशादर्शन यंत्रणेच्या दोन उपग्रहांची उंची सतत बदलत असल्याने त्यांवरील अणुघड्याळे याच कामी फार उपयोगी पडली. मात्र फरक न सापडल्याने सममिती सिद्ध होत नाही; ती मोडत असलीच तर कोणत्या मर्यादेच्या आत, एवढेच ठरते.