जुनी थकबाकी फेडायला निघालेल्या पोराला

अमळनेर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज नीट वाचला. चाकणची नोकरी सुटली, तू गावी परतलास, आता केळीच्या भाड्यासाठी छोटा हत्ती घ्यायचाय, आणि रावेरपासून भुसावळपर्यंत ज्या शाखेत गेलास तिथून ‘सिबिल खराब आहे’ एवढंच ऐकून बाहेर पडलास. तू विचारतोस, ‘मावशी, आधी कोणाचे पैसे देऊ?’ इतक्यात कोणालाच देऊ नकोस. कोणाचं नेमकं किती देणं आहे ते आधी कागदावर येऊ दे.

माझी सगळी नोकरी बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर गेली. पारोळा, चोपडा, नंदुरबार, जिथे बदली झाली तिथे एकच गोष्ट पाहिली. कर्ज थकलं की माणूस जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याचं आधी भागवतो. मोबाईलवर कर्ज देणारा ॲपवाला दिवसातून दहा वेळा फोन करतो म्हणून त्याला दोन हजार जातात. घराला किंवा शेताला धोका असलेलं देणं मात्र फाईलमध्ये गप्प पडून असतं, कारण तिथून कोणी फोन करत नाही. तुझ्या मेसेजमध्येही ॲपवाल्यांबद्दल पानभर मजकूर आहे, आणि काकांच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलास हे शेवटी एका ओळीत आलंय. मला काळजी त्या एका ओळीची वाटते. तिच्याकडे मी येतेच.

पहिलं काम क्रेडिट रिपोर्टचं, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि फेडीच्या नोंदींच्या उताऱ्याचं. देशात या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढ, कारण सगळ्याच संस्था चारही ठिकाणी सारखीच माहिती वेळेवर पाठवतात असं नाही. त्यांच्याच वेबसाइटवर पॅन आणि मोबाईल नंबर टाकून निघतो. मध्येच महिन्याचा पैसे भरायचा प्लॅन पुढे केला जाईल, तो घेऊ नकोस. आणि जळगावात कोणी ‘पाच हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणाला तर त्याच्या दारात उभा राहू नकोस. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद तू स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकतोस.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरच्या आकड्याकडे आधी बघू नकोस. तो ३०० ते ९०० मधला कुठलाही असो. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, सिबिलच्या रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात ००० असेल तर त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला. ०३० असेल तर तीस दिवसांचा उशीर. पुढे ०६०, ०९० असे आकडे चढत जातात आणि नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. वही घे, प्रत्येक खात्याचं नाव, शेवटचा हप्ता कधी भरलास ती तारीख, थकबाकी आणि पुढे काय शेरा आहे ते लिही. ‘राइट-ऑफ’ दिसलं तर हुरळून जाऊ नकोस. बँकेने ते आपल्या हिशेबाच्या वहीतून काढलंय, तुझं देणं माफ केलेलं नाही. एखाद्या खात्यावर ओळखीच्या बँकेऐवजी भलत्याच कंपनीचं नाव दिसलं तर ते कर्ज विकलं गेलेलं असू शकतं. मग आता पैसे घ्यायचा हक्क कोणाचा, ते दोघांकडूनही लेखी मागव.

एखादं कर्ज तू घेतलेलंच नसेल, किंवा फेडलेलं खातं अजून उघडं दिसत असेल, तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार टाक. तीस दिवसांत निकाल लागायला हवा. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. मोबाईलच्या हप्त्याचे सगळे पैसे भरले होते असं तू म्हणतोस, म्हणजे पहिली तक्रार बहुधा तिथलीच असेल. बँकेच्या स्टेटमेंटमधून ते हप्ते शोधून ठेव.

आता काकांचा विषय. आपल्याकडे ‘तू माझा जामीन, मी तुझा’ असं सहज चालतं. नात्यात नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. पण १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. संस्था आधी काकांकडे जाईल, मग तुझ्याकडे येईल, असा क्रम कायद्यात नाही. पतसंस्थेकडे १०१ चं हत्यार आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. जप्तीची नोटीस येते, सातबाऱ्यावर बोजा चढतो. हे कर्ज तुझ्या सिबिलच्या रिपोर्टात दिसेलच असं नाही, म्हणून ते नाहीच असं मानू नकोस. याच आठवड्यात संस्थेत जा आणि खातेउतारा माग. १०१ ची केस दाखल झाली आहे का ते विचार, झाली असेल तर दाखल्याची प्रत घे. मग काकांसोबत बस. शेवटी तुलाच काही रक्कम भरावी लागली तर पावती तुझ्याच नावाची घे, कारण जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क त्याला आहे. काकांवर दावा लाव असं मी म्हणत नाही. पण कोणी किती भरलं हे घरात सगळ्यांना माहीत असावं, नाहीतर पुढे भावाभावांत त्याच पैशावरून बोलणं बंद होतं. मी अशी घरं पाहिली आहेत. आणि फेड झाली की नुसतं नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचं पत्र, घेऊन थांबू नकोस, तलाठ्याकडे बोजा उतरवल्याची फेरफार नोंद करून घे. ही नोंद राहिली की दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी तो बोजा पुन्हा समोर येतो.

क्रेडिट कार्डाचा शेवटचा हप्ता चार वर्षांपूर्वी गेला, असं तू लिहिलंस. इथे कायद्याची एक बाजू आहे, ती तुला माहीत हवी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा विनातारण कर्जासाठी दिवाणी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं असते. मात्र त्या मुदतीत तू कर्ज कबूल करून कुठे सही केलीस, किंवा काही रक्कम भरून त्याचा लेखी पुरावा राहिला, तर तीन वर्षं तिथून पुन्हा मोजली जातात. मुदत संपल्यावरही ‘मी फेडतो’ असं लेखी वचन सही करून दिलंस तर ते बंधनकारक होऊ शकतं. म्हणूनच वसुलीवाला म्हणतो, ‘आज पाचशे तरी टाका, या फॉर्मवर सही करा, फाईल हलती ठेवू.’ बँकेत आम्हीही मुदत संपायच्या आत शिल्लक कबुलीपत्रावर सह्या घ्यायचो, ते आमचं कामच होतं. तू मात्र काय सही करतोयस हे समजून सही कर. पतसंस्थेच्या १०१ ला हा हिशेब लावू नकोस, तिथली वाट वेगळी आहे.

मुदत गेली म्हणून ते पैसे बुडव, असा सल्ला मी देणार नाही. ते तू वापरलेस. शिवाय दावा लागला नाही तरी रिपोर्टातली नोंद राहते, कंपन्या ही माहिती किमान सात वर्षं ठेवतात आणि गाडीचं कर्ज देणारा तीच वाचतो. पण मुदतीचं तुला माहीत असलं की बोलणी करताना तू घाबरलेला नसशील. मुद्दल आणि ठरावीक व्याज पूर्ण देतो, दंड आणि दंडव्याज सोडा, आणि खात्यावर ‘क्लोज्ड’ असा शेरा लागेल असं लेखी द्या, एवढं माग. अर्ध्या रकमेवर मिटवलंस तर शेरा ‘सेटल्ड’ लागतो आणि पुढचा मॅनेजर तो वाचून फाईल बाजूला ठेवतो. हाताशी पूर्ण पैसे नसतील तर सेटलमेंट घ्यायला हरकत नाही, थकलेलं खातं वर्षानुवर्षं उघडं राहण्यापेक्षा ते बरं. मात्र घाईत, फोनवर, महिनाअखेरच्या ऑफरला भुलून घेऊ नकोस. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया नाही. आणि पैसे कर्जखात्यातच जायला हवेत, एजंटच्या स्वतःच्या नंबरावर कधीही नाही.

दुचाकी ओढून नेली म्हणजे हिशेब मिटला, असं तू धरून चाललायस. मिटला नाही. लिलावात किती रक्कम आली, ती कर्जात कधी जमा झाली आणि उरलं किती, याचं विवरण लेखी माग. लिलावाची नोटीस तुला मिळाली होती का, हेही त्यात विचार.

तालुक्याच्या कोर्टात राष्ट्रीय लोकअदालत भरते. त्या दिवशी बँकांची टेबलं आवारात लागतात आणि व्याजात सूट द्यायचे अधिकार घेऊनच अधिकारी बसलेले असतात. दावा लागायच्या आधीची प्रकरणंही तिथे मिटतात, कोर्ट फी नाही. मात्र तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. खिशात पैसे किंवा पैशाची खात्रीची तारीख असेल तरच मान्य कर.

फोनबद्दल एवढंच. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, तुझ्या नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. त्याने नियम मोडला तर तारीख-वेळ लिहून आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्यांचा टोल फ्री नंबर १४४४८. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. पण तू दिलेला चेक वटला नाही तर त्याचा खटला वेगळा होतो, तेव्हा कोणाला वेळ मारून नेण्यासाठी चेक लिहून देऊ नकोस.

वडिलांची कृषी केंद्राची उधारी कुठल्याच रिपोर्टात येत नाही. तरी ती मी वरच्या रांगेत ठेवीन. पुढच्या मृगाला बियाणं आणि खत त्याच दुकानातून घ्यायचंय, आणि त्या माणसाने कपाशी गेली त्या वर्षीही एका शब्दाने टोकलं नाही.

नवी पत उभी करायला फार काही लागत नाही, धीर लागतो. दहा-पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घे, खराब रिपोर्ट असला तरी ठेवीवर ते मिळतं. त्यावर महिन्याचं डिझेल किंवा किराणा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. बिल पूर्ण भर, ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलू नकोस, कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं. मधल्या काळात शाखा-शाखांमधून अर्ज करत फिरू नकोस, प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टावर उमटते. आईच्या सोन्यावर कर्ज काढायचा विचार आत्ता मनातही आणू नकोस. गाडी तोवर भाड्याने चालव, सावद्याच्या केळी गटांवर ड्रायव्हर लागतातच. भाड्याचे पैसे रोख न घेता खात्यात घे. वर्षभराचं स्टेटमेंट उद्या मॅनेजरसमोर ठेवायला उपयोगी पडेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी येणार आहे. तोवर चारही रिपोर्ट, पतसंस्थेचा उतारा आणि दुचाकीच्या कर्जाचे कागद एका फाईलमध्ये लावून ठेव. काकांनाही त्या दिवशी घरी बोलाव, मी असताना बोललेलं बरं. त्याआधी कोणी सही मागितली तर कागदाचा फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी