दुसऱ्यांच्या चालीरीतींना नावं ठेवायची नाहीत, म्हणजे सगळंच चालवून घ्यायचं का?

नाही. आधी समजून घ्या, मग खुशाल मत बनवा.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींत 'पॉटलॅच' नावाचा सोहळा असतो. यजमान घोंगड्या, भांडी, खाणंपिणं पाहुण्यांना वाटून टाकतो. सरकारला ती निव्वळ उधळपट्टी वाटली. १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी, मुखवटेसुद्धा जप्त! खरं तर पाहुणे साक्षीदार असायचे. नाव, हक्क, वारसा त्यांच्यासमोर जाहीर व्हायचा, आणि आहेर म्हणजे त्या साक्षीचं मोल. (लग्नातल्या मानपानावरून रुसणाऱ्या आपण तरी हसू नये.)

पण समजलं म्हणजे पटलंच पाहिजे असं नाही. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकणं हीसुद्धा 'आमची रीत'च. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. तिथे मी रीतीच्या नव्हे, त्या घराच्या बाजूने.