६४ व्या वर्षी शुगर आणि आखडलेली बोटं असताना पखवाज सोडून द्यावा का?

दादा, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. वय ६४, गावच्या भजनी मंडळात पस्तीस वर्षं पखवाज, दहा वर्षांपासून शुगर. सकाळी उजव्या हाताची बोटं आखडतात आणि डॉक्टर म्हणाले वाजवणं बंद करा. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, की मंडळातली माणसंसुद्धा आता "नव्या पोरांना बसू द्या" म्हणायला लागलीत. ती ओळ वाचून मला जास्त लागलं. तिच्याकडं येतोच, आधी बोटांचं बोलू.

मी ७३ वर्षांचा, अंबाजोगाईकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर. माझी शुगर वीस वर्षांची आहे. पखवाज हातात आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागातल्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं होतं. या वाद्याची माया काय असते हे मला माहीत आहे, म्हणून सांगतो: सोडू नका. पण आज वाजवता तसं वाजवणंही पुढं जमणार नाही, ते बदलावं लागेल.

माझं सुरू झालं ते सहा वर्षांपूर्वी, गावच्या सप्ताहात. तिसऱ्या दिवशीचं कीर्तन, विठ्ठलाचा गजर चढत चाललेला, आणि उजव्या हाताची अनामिका वाकली ती सरळच होईना. डाव्या हातानं ओढली तेव्हा कट्‌ असा आवाज होऊन सुटली. तेवढ्यात ठेक्याची दोन आवर्तनं रिकामी गेली. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं, महाराजही काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत मी कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी हात बघायच्या आधी वय विचारलं आणि म्हणाले, "आता कशाला वाजवता? आराम करा." मी ऐकलं. पखवाजाला गवसणी घातली ती चौदा महिने काढली नाही.

त्या चौदा महिन्यांत बोट सुधारलं नाहीच, वर डावा खांदा जाम झाला. सदऱ्याची बाही घालायला नात लागायची. शुगरवाल्यांना खांदा जाम होणं आणि बोट अडकणं ही दोन्ही दुखणी इतरांपेक्षा जास्त होतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी सगळा दोष पखवाजाला देत होतो.

खांद्यासाठी फिजिओथेरपीला जायला लागलो. तिथली मुलगी माझ्या नातीएवढी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, नमस्कार करा." मी हात जोडले. ती खाली वाकून दोन्ही हातांच्या मधून बघत होती. तळवे टेकलेले, पण करंगळी आणि अनामिकेच्या मधल्या सांध्यांपाशी फट होती आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. बऱ्याच वर्षांच्या शुगरनं हाताची कातडी आणि आतल्या दोऱ्या जाड होतात, बोटं पुरती उघडत नाहीत, हे तिनं तिथं समजावून सांगितलं. साठ वर्षं रोज देवाला हात जोडणाऱ्या मला ती फट कधी दिसली नव्हती.

मग तिनं पखवाज आणायला लावला आणि अर्धा तास समोर बसून बघितलं. तिला संगीतातलं काही येत नव्हतं, पण तिनं जे पकडलं ते माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. प्रत्येक 'धा' हा बोल मारताना माझा डावा खांदा कानाकडं उचलला जायचा. मी खांद्यातून थाप मारत होतो, कोपर आणि मनगट नुसतं मागं फरफटत होतं. तीन महिने मी फक्त ती एक थाप नव्यानं बसवली. खांदा खाली, कोपर सैल, हात स्वतःच्या वजनानं पुडीवर, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरच्या चामड्यावर, पडू द्यायचा. आवाज आधीपेक्षा गोल येतो, हे मी खात्रीनं सांगतो.

बोटाला नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. त्यानं सुटलं. पण शुगर असेल तर अशा इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते, म्हणून आधी सांगून ठेवा आणि त्या आठवड्यात तपासत राहा. इंजेक्शननं भागलं नाही तर छोटं ऑपरेशनही असतं.

आता तुमच्या बोटांचं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बऱ्याचदा ती वयाची झीज असते. तासाच्या वर जात असेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर आमवाताची शंका घ्यायला हवी. त्यात उशीर करू नका, कारण वेळेवर औषध मिळालं तर सांधे वाचतात. बोटांच्या टोकांना बधिरपणा असेल तर ते वेगळं प्रकरण. तेव्हा थाप किती जोरात बसतेय हे कळत नाही आणि कातडी फाटली तरी समजत नाही. रोज रात्री उजेडात हात बघत जा.

वाद्याच्या बाजूनंही बरंच करता येतं, आणि मला यात जास्त रस आहे. माझा जुना पखवाज वादीचा, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांनी ताणलेला. त्या पट्ट्यांखालच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारून स्वर चढवायचा म्हणजे खांद्याची परीक्षाच. आता नटबोल्टचा घेतलाय, पाना फिरवला की झालं. वादीच्या पखवाजाचं नादमाधुर्य त्याला आहे का? माझ्या कानाला नाही. पण तो रोज वाजतो, आणि जुना कोपऱ्यात उभा होता. दुसरं म्हणजे आमच्याकडं गाणारे स्वर चढाच लावतात. मी मंडळाला हात जोडून विनंती केली, की हरिपाठ तरी एक स्वर उतरून घ्या. पुडी तेवढी सैल राहिली की बोटांना मार कमी बसतो. म्हाताऱ्या गळ्यांनाही ते सोयीचं झालं, आता कुणी वर चढवा म्हणत नाही. पावसाळ्यात जपा. पुडी सादळते, आवाज बसतो, आणि आपण नकळत जोर वाढवतो. माझी बोटं दरवर्षी श्रावणातच जास्त दुखायची, त्याचं कारण हे होतं. आवाज बसला की पुडी कोरडी करून स्वर लावून घ्या, हाताचा जोर वाढवू नका.

धुमेला, म्हणजे डाव्या बाजूच्या पुडीला, लावायची कणीक मी आता मळत नाही. नात मळते. कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की माझ्या हातात देते, मी अंगठ्यानं नुसती पसरवतो. मांडी घालून बसणंही बंद झालं. सुताराकडून पखवाज ठेवायला बुटकी लाकडी बैठक करून घेतली आणि मी खुर्चीवर बसतो. पहिल्या दिवशी देवासमोर खुर्चीवर बसताना जीव खालीवर झाला, पण आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या टाळकऱ्यानं स्वतः ती खुर्ची उचलून आणली होती. दिंडीत गळ्यात अडकवून चालणं मात्र मी कायमचं सोडलं.

एक गोष्ट जिवावरची आहे, ती नीट वाचा. एकादशीला उपास, सकाळी नेहमीची शुगरची गोळी आणि रात्री दोन तास कीर्तनात वाजवणं, हे तिन्ही एका दिवशी केलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. माझी आली होती. घाम फुटला, हात कापायला लागले आणि ज्या ठेक्यात मला झोपेतही चूक होत नाही त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडेना. मला वाटलं म्हातारपण आलं. शेजारच्या पोरानं खडीसाखर तोंडात घातली, दहा-पंधरा मिनिटांत ताळ्यावर आलो. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि खिशात खडीसाखर असू द्या.

आता त्या शेवटच्या ओळीचं. "नव्या पोरांना बसू द्या" हे मलाही ऐकावं लागलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मीच एका सोळा वर्षांच्या पोराला बोलावलं आणि त्याचा पखवाज माझ्या शेजारी मांडला. अभंग सुरू झाला की ठेका मी धरतो. लय चढून गजराला आली की मी हात मांडीवर घेतो आणि तो पुढं नेतो. अभंग परत खाली आला की ठेका माझ्याकडं. दुगण, चौगण, म्हणजे दुप्पट-चौपट लय, आता त्याची. पण संथ ठेका तासभर तसूभरही न हलता धरणं त्याला अजून जमत नाही, ते तो माझ्याजवळ बसूनच शिकतोय. पंडित रविशंकरांचा शेवटचा कार्यक्रम ४ नोव्हेंबर २०१२ ला कॅलिफोर्नियात झाला. वय ९२, ऑक्सिजन लावलेला, आणि शेजारी सतार घेऊन लेक अनुष्का. एवढ्या मोठ्या माणसानं शेजारी आधार घेतला, तर आपण भजनी मंडळात का लाजायचं?

रियाज मी रोज वीस मिनिटंच करतो, दुपारी, हात गरम पाण्यात शेकून झाल्यावर. सकाळी आखडलेल्या बोटांनी पखवाजाला हात लावत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर त्या दिवशी सुट्टी. तिरकिट हा बोटांचा जलद बोल मी सोडून दिला, त्या जागेवर साधा ठेका घेतो, आणि ऐकणारे म्हणतात की अभंगाचे शब्द आता जास्त ऐकू येतात.

तुम्ही एवढं कळवा: बोटं सुटायला सकाळी घड्याळ लावून किती वेळ लागतो, आणि नमस्कार केल्यावर फट दिसते का. ती फट स्वतःला दिसत नाही, घरच्यांना बघायला सांगा. हरिपाठाची वेळ झाली, आल्यावर रात्री तुमचं उत्तर बघतो.