दूध उकळलं होतं, हात मात्र जबड्यात गेला होता

ओळख पटू नये म्हणून या अनुभवातलं गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र सोलापूर जिल्ह्यात नेहमी येणारा आहे : पिसाळलेल्या म्हशीचं दूध पोटात गेलं, आता रेबीज होईल का?

फोन शनिवारी सकाळी आला. मोहोळकडच्या एका वस्तीवरची सव्वीस वर्षांची सून. घरची पंढरपुरी म्हैस गुरुवारी मेली होती. पाच आठवड्यांपूर्वी तिला भटकं कुत्रं चावलं होतं, नाकपुडीजवळ. जखम लहान होती, हळद भरली आणि सगळे विसरले. मग या आठवड्यातल्या सोमवारी म्हशीनं वैरण सोडली. घोगऱ्या आवाजात सारखी हंबरायला लागली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, मागचे पाय लुळे पडले. चौथ्या दिवशी संपली. जनावरांचे डॉक्टर पोचेपर्यंत गावानं तिला पुरूनही टाकलं होतं. लक्षणं ऐकून ते एवढंच म्हणाले, रेबीज धरूनच चाला.

तिचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, माझ्या दोन वर्षांच्या पोराला मी बुधवारपर्यंत तेच दूध पाजलं.”

दोन रात्री ती झोपली नव्हती. पोर पाणी प्यायला लागलं की त्याच्या गळ्याकडे बघत बसायची. स्वतःही पहाटे उठून पेलाभर पाणी पिऊन बघायची, घशात अडतंय का म्हणून. शुक्रवारी अडल्यासारखं वाटलं, म्हणून शनिवारी नवऱ्याला न सांगता तिनं मला फोन लावला.

अशा वेळी “काही होत नाही हो” म्हणणं सोपं असतं, पण त्याचा उपयोग होत नाही. घाबरलेल्या माणसाला ते कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं आणि त्यानं झोप आलेली नसते. आधी नेमकं विचारायचं. दूध कसं प्यायलं?

पातेल्यात तापवून, वर येईपर्यंत. दोन्ही वेळा. दही त्याच तापवलेल्या दुधाला विरजण लावून, ताक-लोणी त्या दह्याचं, तूप कढवलेलं. मग मुलाचा प्रश्न तिथेच मिटतो. रेबीजचा विषाणू उष्णतेपुढे फार नाजूक आहे, उकळी फुटलेल्या दुधात तो जगत नाही. संकलन केंद्रावर गेलेल्या दुधाचंही तेच. डेअरीत पाश्चरीकरणाला दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात, विषाणू मरायला तेवढं पुरतं. वस्तीवरचे चार जण “तुमच्या दुधानं गाव मारलं” म्हणून दारात भांडून गेले होते, त्यांच्यासाठीही उत्तर हेच होतं. उकळलेल्या दुधासाठी कुणालाही लस लागत नाही.

हे तिला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिला म्हटलं, ताई, कागद घ्या, तुमच्याच अक्षरात लिहा : “बाळाचं दूध उकळलेलं होतं.” तो कागद फडताळाच्या दारावर चिकटवा. शंका आली की फोन उघडायचा नाही, कागद वाचायचा. पाण्याचा पेला घेऊन परीक्षा तर आजपासून बंद. भीतीनं घसा आवळतो, गिळताना गोळा अडकल्यासारखा वाटतो आणि दर वेळी तपासलं की तो जास्तच जाणवतो. रेबीजमधली पाण्याची भीती वेगळी असते. बहुधा आधी चाव्याच्या जागी मुंग्या येतात किंवा आग होते, ताप येतो, आणि मग पाणी पिताना घशाचे स्नायू जोरात आखडतात. पहाटे पेलाभर पाणी पिऊन, पोराला आंघोळ घालून, स्वयंपाक करून फोनवर बोलणाऱ्या बाईचं चित्र ते नव्हे.

मूल सुटलं. पण संभाषण इथे थांबवणं ही अशा प्रकरणांतली सगळ्यात मोठी चूक असते. घर दुधाला घाबरतं, कारण दूध सगळ्यांच्या पोटात गेलेलं असतं. म्हशीच्या रेबीजमध्ये माणसाला खरा धोका लाळेचा असतो, आणि लाळ कुणाच्या हाताला लागली हे कुणी विचारतच नाही. विषाणू मज्जातंतूंतून वर सरकत मेंदूत जातो, तिथून लाळग्रंथींत उतरतो. ती लाळ फुटलेल्या कातडीला, डोळ्यांना, तोंडाच्या आतल्या त्वचेला लागली तर माणसाला लागण होऊ शकते. अखंड कातडीतून तो आत जात नाही. म्हशीच्या मानेवरून हात फिरवला, शेण भरलं, गोमूत्र अंगावर उडालं, यानं रेबीज होत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न विचारला. आजारी पडल्यावर म्हशीच्या तोंडाशी कोण गेलं?

“मामांनी हात घातला होता की. घशात वाडं अडकलंय म्हणून.”

जवळजवळ दर वेळी हेच निघतं. रेबीज झालेल्या जनावराला गिळता येत नाही, लाळ गळते, म्हणून मालकाला वाटतं की उसाचं वाडं नाहीतर बाभळीचा काटा अडकलाय. तो कोपरापर्यंत हात घालून चाचपतो, वर बांबूच्या नळीनं काढा पाजतो. या घरात सासऱ्यांनी हे सोमवारी केलं, मंगळवारी परत केलं. आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याला रविवारी कडवळ कापताना विळा लागला होता. वर चिंधी बांधलेली, ती लाळेनं भिजलेली.

धाकटा दीर तालमीतला. तो रोज धारोष्ण दूध प्यायचा, म्हणून घरात सगळ्यांना त्याचीच काळजी. कच्च्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं उदाहरण नाही. तरी आजारी जनावराचं कच्चं दूध पिऊ नये आणि प्यायलं असेल तर डॉक्टरांना सांगावं, तोंडात जखम असेल तर आवर्जून. पण त्याच्या बाबतीत दुधाचा प्रश्नच मागे पडला. वडील हात घालत होते तेव्हा म्हशीचं तोंड त्यानंच धरलं होतं. लाळ दोन्ही हातांवरून ओघळली होती, आणि हातांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या ताज्या रेघा होत्या.

डॉक्टर संपर्काचे तीन प्रकार करतात. अखंड कातडीला लाळ लागली तर पहिला, त्याला फक्त धुणं पुरतं. रक्त न येता ओरखडा पडला तर दुसरा, त्याला लस. चावा कातडीच्या आत गेला, रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीला अथवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली तर तिसरा. त्याला लस आणि सोबत सिरम, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. सासरे आणि दीर दोघेही तिसऱ्यात. सून आणि मूल पहिल्यातही नाहीत.

एरवी अशा लाळेनंतर सगळ्यात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची असते. घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं ही आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. चुना, तिखट, हळद, तंबाखू काही भरायचं नाही, त्यानं जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. इथे पाच दिवस गेले होते, तरी निघण्याआधी धुवायला सांगितलं.

सासरे तयार नव्हते. “साठ वरसं जित्राबात गेली, मला काय हुतंय?” त्या बोलण्यामागची भीती त्यांना फोनवर घेतल्यावर बाहेर आली. त्यांच्या लहानपणी चुलत्यांना कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा सुया टोचल्या होत्या. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. भारतात ती २००५ पासून बंद आहे. आताची लस दंडात देतात. त्यांना म्हटलं, आण्णा, म्हशीच्या तोंडात हात कसा घातला ते सुनेला करून दाखवा. त्यांनी तिथेच हात पुढे केला, आणि अंगठ्याची चिंधी त्यांना स्वतःलाच दिसली. जरा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग विचारलं, “आज किती वाजता जायचं?”

लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षापेक्षा जास्त. लक्षणं सुरू झाली की उपचार जवळजवळ नाहीच. म्हणून पाच दिवस झाले, पंधरा झाले, आता काय उपयोग, असं म्हणायचं नाही. लक्षण दिसण्याआधी कधीही लस सुरू करता येते. निघण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस आणि सिरम दोन्ही आहे का ते विचारायला सांगितलं. लस बहुतेक ठिकाणी मिळते, सिरम नसेल तर सोलापूरला सिव्हिलला जावं लागतं. लस घेऊन घरी आलात आणि सिरमचा विषयच निघाला नाही, असं वारंवार होतं. लसीनं शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवरची राखण सिरम करतं. ते पहिल्या लसीसोबतच द्यायचं. तेव्हा मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, नंतर नाही.

सिरम जखमेच्या आत आणि भोवती टोचतात, ते दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर माणूस “नुसतं दंडात द्या” म्हणून अडून बसतो. जास्तीत जास्त मात्रा वजनावर ठरते : घोड्यापासून केलेलं सिरम किलोला ४० युनिट, मानवी सिरम किलोला २०. आण्णांचं वजन ५५ किलो, म्हणजे घोड्याच्या सिरमची कमाल २,२०० युनिट. अंगठ्यात जागा कमी, म्हणून तिथे थोडं थोडंच जातं. दिरासारख्या बारीक जखमा अनेक असतील तर सिरम सलाइनमध्ये पातळ करून सगळ्यांना पुरवतात.

लस सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात : प्रत्येक दंडात ०.१ मिलि, दोन्ही दंडांत, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. टोचल्यावर मसुराएवढा फुगवटा यायला हवा. आला नाही तर सुई खोल गेली, शेजारी परत द्यायला सांगायचं. “एवढंसंच औषध?” असा संशय घरोघर येतो. कातडीत तेवढंच पुरतं. खासगीत स्नायूत देतात तेव्हा पूर्ण कुपी आणि पाच वेळा : ०, ३, ७, १४, २८. मधेच पद्धत बदलू नये, आणि कमरेत तर घेऊच नये, तिथल्या चरबीत लस नीट लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका मोजण्यात होतात. पहिल्या सुईचा दिवस शून्य. शनिवार शून्य, म्हणून पुढची मंगळवारी, तिसरी पुढच्या शनिवारी, चौथी पहिलीपासून चार आठवड्यांनी, पुन्हा शनिवारीच. सुनेनं तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या. एखादी चुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, लक्षात येताच ती घ्यायची आणि पुढच्या डॉक्टरांना विचारून लावायच्या. तेल-आंबट-वांग्याचं पथ्य काही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस चालते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल तर मात्र आधी सांगायचं.

फोन ठेवण्याआधी आणखी एक विचारलं. त्या कुत्र्यानं त्या दिवशी आणखी कुणाला धरलं का? उत्तर यायला वेळ लागला. ऊसतोड टोळीच्या कोपीतल्या एका मुलीच्या पोटरीला दात लागले होते, रक्त आलं होतं, चुना लावला होता. टोळी पुढच्या कारखान्याकडे गेलेली. कुत्रं, मांजर चावलं तर लस सुरू करून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवतात. ते धडधाकट राहिलं तर उरलेल्या मात्रांबद्दल डॉक्टर ठरवतात. इथे कुत्रं कुणाला परत दिसलंच नव्हतं, आणि म्हशीचं काय झालं ते समोर होतं. दिरानं मुकादमाचा नंबर काढला. पाच आठवडे उलटून गेले असले तरी त्या मुलीला लस आणि सिरम दोन्ही लागणार होतं, कारण तिला आधी एकही मात्रा मिळाली नव्हती. रविवारी तिच्या बापानं जवळच्या रुग्णालयातून सुनेला फोन करून सांगितलं की पहिली सुई झाली.

मंगळवारी दुसऱ्या मात्रेनंतर आण्णांनीच फोन केला. दावणीला दुसरी म्हैस आणि मेलेलीचं रेडकू होतं. “हिचं दूध पिळू का नको?” त्या म्हशीला कुत्रं चावलं नव्हतं, ती नीट खात होती, तेव्हा पिळायला आणि उकळून प्यायला हरकत नव्हती. रेडकू बुधवारपर्यंत आईला पीत होतं आणि आई त्याला चाटत होती. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून त्याच्या लसीचं विचारायचं, त्याला वेगळं बांधायचं, आणि वैरण सोडली किंवा लाळ गळायला लागली तर तोंडात हात घालायचा नाही. मेलं तर कातडं सोलू द्यायचं नाही. डॉक्टरांना मेंदूचा नमुना घेऊ द्यायचा, मगच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. मेलेल्या म्हशीचं दावं आणि घमेलं जाळून-धुऊन काढायला सांगितलं, तेही हातात रबरी मोजे घालून.

“मोजे हायत,” आण्णा म्हणाले. “सुनंनं कालच आणल्यात.”