लेआउटची बाग: आधी मे महिना आखा, मग जुलै

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरातल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीत, अर्ध्या एकराची मोकळी जागा आहे, बारा जण राबायला तयार आहेत. जुलैत २०० झाडं लावायची, मधे लॉन करायचं, कडेने पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक करायचा. तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात मे महिन्यापासून करा. नागपुरात जुलैत लावलेलं जवळपास कोणतंही रोप जीव धरतं. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात असते. पारा ४५ च्या आसपास असतो, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागलेला असतो आणि नळाला धार नसते. त्या दिवसांत बागेला रोज किती लिटर पाणी नक्की मिळेल, तो आकडा आधी कागदावर लिहा. झाडं किती आणि हिरवळ किती, हे त्या आकड्यावरून ठरू द्या.

हिशेब करून बघा. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. त्यातल्या निम्म्या जागेत लॉन केलं, तर मे महिन्यात ते हिरवं ठेवायला चौरस मीटरला रोज ५ ते ६ लिटर पाणी धरावं लागतं. म्हणजे रोज ५,००० लिटरच्या वर. याउलट पहिल्या उन्हाळ्यातल्या एका झाडाला दर तिसऱ्या दिवशी १५ लिटर दिलं तरी भागतं. ४० झाडांना सरासरी रोज २०० लिटर. लॉनच्या एका दिवसाच्या पाण्यात ही ४० झाडं पंचवीस दिवस निघतात. म्हणून लॉनचा विचार सोडा, असं मी स्पष्टच सांगेन. मुलांना लोळायला हिरवळ हवीच असेल, तर एका बाजूला आपली साधी हरळी वाढू द्या. ती उन्हाळ्यात पिवळी पडते आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा फुटते. विकतचं कार्पेट गवत एकदा वाळलं की गेलं.

पाण्याचा हा प्रश्न लेआउटच्या बागांना जन्मापासूनच आहे. भोसल्यांच्या काळातल्या बागा पाण्याला धरून होत्या: तेलंगखेडीची तलावाजवळ, महाराजबाग नाग नदीच्या काठी. महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय झालं आणि आज ती बाग कृषी विद्यापीठाकडे आहे, पण जागा निवडली होती ती पाणी बघूनच. पुढे १९३६ च्या कायद्याने नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आली, शहर आखीव लेआउटांनी वाढत गेलं आणि प्लॉट पाडून नकाशावर जे ‘ओपन स्पेस’ उरलं तिथे बागा झाल्या. ती जागा निवडताना खाली विहीर आहे का, माती कशी आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं. ते आता तुम्हाला पाहायचं आहे.

त्याआधी कागद. मंजूर नकाशावर ही जागा ओपन स्पेस आहे की पब्लिक युटिलिटीची (सार्वजनिक सोयींसाठी राखलेली), आणि ताबा महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आहे की नासुप्रकडे, हे लेखी काढा. ‘१९०० लेआउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुळात मंजुरी नसलेल्या लेआउटांमधली जागा असेल तर दुप्पट काळजी घ्या. देखभालीची परवानगी घेताना पत्रात चार गोष्टी नावानिशी यायला हव्यात: पाण्याचं कनेक्शन कुणाचं, मोटरचं वीजबिल कुणाचं, गेटची चावी कुणाकडे आणि वाळलेली फांदी तोडायला कुणाला कळवायचं. शेवटची बाब लोक विसरतात. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि हौसेने केलेली मोठी छाटणीही अंगाशी येऊ शकते. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) निघेल तेवढंच आपलं काम; करवत लागली की अर्ज करायचा.

आता माती. तीन ठिकाणी सब्बल (पहार) घेऊन तीन फूट खाली जा. एकाच जागेत एका कोपऱ्यात मुरूम, दुसऱ्यात काळी माती आणि तिसऱ्यात घरं बांधताना टाकलेला मलबा, हे नेहमीचं आहे. मलबा असेल तो भाग झाडांना देऊ नका, तिथे बाक किंवा खेळणी येऊ द्या. काळ्या मातीत फूटभर खड्डा करा, पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांनंतरही दिसत असेल, तर त्या मातीत खोल खड्डा म्हणजे पातेलं. ऑगस्टच्या झडीत त्यात पाणी साचतं, मुळं सडतात, रोप पिवळं पडतं. मग लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते अजून पाणी घालतात. अशा जागी खोदलेल्या मातीत मुरूम मिसळा आणि रोप जमिनीपासून सहा इंच उंच वरंब्यावर लावा.

खड्डे मे महिन्यात खोदा, अडीच फूट लांब, रुंद आणि खोल, आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. भरताना दोन वाटे निघालेली माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा मुरूम किंवा रेती आणि पावशेर निंबोळी पेंड घ्या, उदई (वाळवी) लागू नये म्हणून. दोन चांगले पाऊस झाले की लावा. रोप पाच-सहा फुटांचं घ्या. पिशवी कापून पूर्ण काढा, आणि तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर तेवढी कापून टाका. तशीच ठेवली तर झाड चार-पाच वर्षांनी एका वादळात आडवं होतं.

२०० नाही, ४० झाडं. मोठ्या झाडांत २५ फूट अंतर ठेवा; बहावा, कांचनसारख्यांत १५ फूट. पश्चिमेच्या कडेला कडुनिंब आणि करंज ओळीने लावा, कारण मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचचं ऊन तिकडूनच येतं आणि लोक त्याच वेळी फिरायला येतात. आत बहावा, कांचन, आवळा, शिवण. सप्तपर्णी आणि कोनोकार्पस फुकट मिळाले तरी लावू नका.

पहिला उन्हाळा काढायचा उपाय म्हणजे मडकं. पाच-सात लिटरचं, न रंगवलेलं, कच्च्या भाजणीचं. खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण ठेवायचं. झाकण नसेल तर आठवड्यात डासांच्या अळ्या दिसतात. दर तीन-चार दिवसांनी भरा. बोअरचं पाणी जड असेल तर वर्षभरात छिद्रं बुजतात. मडकं रिकामं व्हायला आठवडा लागू लागला की बदला. आळं तीन फूट व्यासाचं ठेवा, त्यावर चार इंच पालापाचोळा घाला, पण खोडाला भिडू देऊ नका. काळ्या मातीला मार्चनंतर हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडतात आणि दिलेलं पाणी सरळ भेगेतून खाली निघून जातं. शेतात डवरणी करतात तशी खुरप्याने वरची दोन इंच माती मोकळी करून भेगा बुजवा, मग पाणी द्या. पाणी संध्याकाळी.

पाचोळा बागेतच मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ झडतात, तेव्हा तो जाळू नका आणि कचरागाडीत देऊ नका. दहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा उघड्या फटींचा हौद करा. सहा इंच पाचोळा, त्यावर शेणकाला (दहा किलो शेण तीस लिटर पाण्यात), त्यावर मातीचा पातळ थर, असं भरत जा आणि वर ओलं पोतं टाका. एप्रिलमध्ये ढीग जसाच्या तसा दिसतो, कारण तो आतून कोरडा असतो. मूठभर काढून दाबा: हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दर पंधरा दिवसांनी उलटवा. पावसात वास यायला लागला तर पाणी जास्त झालंय. वर पत्रा टाका आणि कोरडा पाला मिसळा.

गाजरगवताचा बंदोबस्त जुलैमध्ये, फुलं यायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटून करा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कित्येकांना त्याने अंगावर चट्टे उठतात. मोकळ्या झालेल्या जागी तरोटा वाढू द्या, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते!

ट्रॅकसाठी ब्लॉक सरळ काळ्या मातीवर बसवले की पहिल्याच पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि ब्लॉक वरखाली होतात. एक फूट खोदा, नऊ इंच मुरूम तीन थरांत पाणी मारून दाबा, वर दोन इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा), आणि दोन्ही कडांना कर्ब (कडेचे दगड). कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात. खर्च झेपत नसेल तर नुसता मुरूम दाबलेला ट्रॅक ठेवा, गुडघ्यांना तो बरा. जुन्या झाडाभोवती निदान एक मीटर जागा उघडी सोडा. रंगवलेल्या टायरच्या कुंड्या नकोत, त्यांत पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

खेळणी बसवताना पायाही मुरुमापर्यंत न्या. घसरगुंडी लोखंडी असेल तर तोंड उत्तरेला. झोपाळ्याची साखळी जिथे वरच्या हुकात अडकते, ती कडी दर महिन्याला बोटाने चाचपा. एक तृतीयांश झिजली असेल तर त्याच दिवशी झोपाळा काढून ठेवा.

बारा जणांना ‘दर रविवारी सगळे’ असं बांधू नका, मार्चपर्यंत चार उरतात. तीन-तीनचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला १० झाडं नंबर लावून द्या. गेटजवळ एक वही ठेवा: तारीख, किती मडकी भरली, काय बिघडलं. आधाराच्या बांबूला झाड बांधलेलं असतं, ते बांधण दर सहा महिन्यांनी सैल करा. बांधायला सुतळी किंवा कापडाची पट्टी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून, तार नको. तार सालीत रुतते, तिच्यावर साल फुगून येते आणि वादळात झाड नेमकं तिथेच मोडतं. खोड मनगटाएवढं झालं की बांबू आणि ट्री गार्ड दोन्ही काढून पुढच्या रोपाला वापरा.