एकाच घरातले दोन पगार: तुमचे प्रश्न

श्रीमंत-गरीब दरीबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय. पहिला जरा लांबलाय, कारण असं घर प्रत्येक तालुक्यात आहे.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत, पगार 1 लाख 60 हजार. दादा गावी शेती बघतो आणि पतसंस्थेत नोकरी करतो, सगळं मिळून 22 हजार सुटतात. आई त्याच्याकडे असते. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला अडीच लाख लागले, मी म्हटलं निम्मे निम्मे करू, तेव्हापासून वहिनी बोलत नाहीत. माझं काय चुकलं?

हिशोब बरोबर आहे तुमचा, पण वाटणी चुकली. निम्मे म्हणजे सव्वा लाख. तुमचा तो एका महिन्याचा पगारसुद्धा नाही, आणि दादांची साडेपाच महिन्यांहून जास्त कमाई आहे, तीही घरात कुणी काही खाल्लंच नाही असं धरून. कमाईच्या प्रमाणात वाटलं असतं तर दादांकडे साधारण 30 हजार आले असते आणि तुमच्याकडे 2 लाख 20. आता यात अजून एक गोष्ट धरलेलीच नाहीये. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला रात्री दोनदा उठवून वॉकर हातात देऊन बाथरूमला कोण नेतंय? वहिनीच ना? पुण्यात ब्युरोकडून चोवीस तासांची बाई लावली तर महिन्याला किती घेतात ते एकदा फोन करून विचारा, आणि तो आकडा दादांच्या वाट्यातून वजा करा. मला तर वाटतं तुम्हीच देणं लागता.

माझ्या ओळखीत एक घर आहे, तीन भाऊ आणि एक बहीण. भाऊबीजेला मधला ताटात पाच हजारांचं पाकीट टाकायचा, धाकटा रिक्षा चालवतो, तो विड्याच्या पानाखाली 101 रुपये सरकवायचा, आणि एका वर्षी तो आलाच नाही, रिक्षाला ऐनवेळी पॅसेंजर मिळाला म्हणाला. बहिणीला कळायचं ते कळलं. पुढच्या वर्षी तिनेच सगळ्यांना फोन करून सांगितलं की ताटात प्रत्येकाने 101च टाकायचे, कुणाला मला जास्तीचं द्यायचं असेल तर माझ्या पोरीची फी भरा, ताटात नको. आता चौघं एकत्र जेवतात. पैसा कमी-जास्त असतोच हो घराघरात, तो सगळ्यांसमोर मोजला गेला की माणसं यायची बंद होतात.

आणि पुढच्या वेळेसाठी: आईचं नाव रेशनकार्डवर आहे ना, मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, ॲडमिट करायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला गाठून ते ऑपरेशन यादीत बसतं का विचारायचं. धर्मादाय दवाखान्यांना तर 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. काउंटरवर बहुतेक वेळा कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

प्रश्न: बातमीत आलं की भारत जगातल्या सगळ्यात समान देशांत चौथा. दुसरीकडे वाचलं की 1 टक्का लोकांकडे 40 टक्के संपत्ती. खरं काय मानायचं? (गृहिणी, नाशिक)

दोन्हीमागचे आकडे खरे आहेत, मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. चौथा नंबर लावला तो जागतिक बँकेच्या 25.5 या गिनी आकड्यावरून, 2022-23 चा. गिनी म्हणजे 0 असेल तर सगळे सारखे, 100 असेल तर सगळं एकाकडेच. पण तो आकडा खर्चाचा आहे, घरात महिन्याला किती खर्च होतो त्याचा. आता तुम्हीच सांगा, महिना 20 लाख कमावणारा माणूस 20 हजारवाल्याच्या शंभरपट भाजी खातो का? तो उरलेले पैसे शेअरमधे, फ्लॅटमधे टाकतो, ते खर्चात दिसत नाहीत. आणि बऱ्याच देशांचा गिनी उत्पन्नावर काढलेला असतो, त्यामुळे नंबर लावणंच चुकीचं. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात लिहिलंय की उत्पन्नाचा गिनी 2004 मधे 52 होता तो 2023 मधे 62 झाला. तुम्ही वाचलेला 40 टक्क्यांचा आकडा संपत्तीचा, फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला, तोही 2022-23 चाच.

प्रश्न: मी चार घरची धुणीभांडी करते. मुलगा आरटीईतून इंग्लिश शाळेत दुसरीला आहे. वर्गातली मुलं वाढदिवसाला सगळ्यांना रिटर्न गिफ्ट देतात, आमचं ते जमत नाही. आता तो शाळेत जायलाच नको म्हणतो. काढून घेऊ का?

ताई, काढू नका. ही सीट कुणी दया म्हणून दिलेली नाहीये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत, खासगी विनाअनुदानित शाळांच्या 25 टक्के जागा आपल्या मुलांसाठी ठेवल्यात. फेब्रुवारी 2024 मधे राज्य सरकारने नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट म्हणून. पालक कोर्टात गेले, आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. लढून टिकवलेली जागा आहे ही.

वर्गात वेगळं बसवायचं नाही, पुस्तकं, गणवेश, खेळ कशातही भेदभाव करायचा नाही, असं नियमातच आहे. रिटर्न गिफ्टचं मात्र कुठल्या नियमात नसतं, ते टीचरना भेटूनच सांगावं लागेल. वर्गात गिफ्ट बंद, फार तर एक चॉकलेट, एवढंच मागा, आणि एकट्या जाऊ नका, अजून दोन पालक बरोबर घ्या. खरं सांगू, पगारवाल्या आयांनाही तो खर्च नकोच असतो, पहिलं कोण बोलणार एवढाच प्रश्न असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या बाकावर तलाठ्याचा मुलगा, मी आणि एक मेंढपाळाचा पोरगा बसायचो. शाळेचं छत गळलं की तलाठी स्वतः पंचायत समितीत जाऊन भांडायचे, कारण त्यांचा मुलगाही भिजत होता. आज तलाठ्याचा मुलगा तिथे नाहीये आणि छतासाठी भांडणारंही कुणी नाहीये. शाळा, सरकारी दवाखाना, एसटी, ज्यांचं बोलणं ऐकलं जातं ते सगळे यातून बाहेर पडले, दरीची ही बाजू मला पगाराच्या आकड्यांपेक्षा जास्त टोचते. म्हणून तुमचा मुलगा त्या वर्गात असणं त्या बाकीच्या मुलांसाठीही गरजेचं आहे.

प्रश्न: बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो. एकटा शिक्षक काय करू शकतो?

सर, तुम्हाला मी काय नवीन सांगणार, पण इतरांसाठी थोडं लिहितो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणारा मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती फेडेपर्यंत सुट्टी नाही, एक दिवस आजारी पडलं तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापतात, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला परत जावंच लागतं. याच खाड्याच्या धास्तीतून बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्याचं 2019 मधे बाहेर आलं होतं.

तुमच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याच्या आधी जायला हवा, टोळ्या निघाल्यावर नाही. त्यासाठी आत्तापासून कुणाचे आईबाप जाणार आणि मागे आजी-आजोबा कोण राहणार याची यादी करा. जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतील. आईबापाचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र झालंय का ते ग्रामसेवकाला विचारा. आणि आजीकडे फोन असेल तर आठवड्यातून एकदा तिच्या फोनवरून पोरांचं आईशी बोलणं करून द्या, रात्री, फडावरून परत आल्यावर, कारण पहाटे चारला ती कोयता घेऊन निघालेली असते.